चेसिसचे वय

बुलढाणा विभागातल्या कुठल्याही आगारात जाऊन लाल गाड्यांच्या पाट्या वाचाव्यात. जिल्ह्याचा क्रमांक एमएच-28, पण एसटीच्या पाट्यांवर एमएच-40, एमएच-20, एमएच-14 हेच जास्त दिसतात. महामंडळाच्या गाड्या हिंगणा, चिकलठाणा आणि दापोडी या तीन मध्यवर्ती कार्यशाळांत बांधल्या जात आल्या, आणि नोंदणीही त्या त्या भागातल्या परिवहन कार्यालयात होत गेली. गाडी कुठे बांधली ते पाटी सांगते. तिचे वय मात्र नोंदणी-प्रमाणपत्रातूनच काढावे लागते, आणि जुन्या गाडीवर पैसा घालावा की ती भंगारात काढावी, हा निर्णय कोणी कसा घेतला याचा मागही याच कागदांत लागतो.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्या दिवशी बुलढाणा मुंबई प्रांतात नव्हताच, मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. तो 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यात आला. आज विभागाची सात आगारे: घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, घाटाखाली खामगाव, मलकापूर, शेगाव, जळगाव जामोद. राजूर घाट नाहीतर बोथ्याचा घाट रोज चढ-उतरणाऱ्या गाडीचे क्लच आणि ब्रेक लायनर सपाटीवरच्या गाडीच्या आधी बोलू लागतात. तेव्हा दोन गाड्यांचे वय कागदावर सारखे असले तरी झीज सारखी नसते.

1988 च्या मोटार वाहन कायद्याला ही गोष्ट मान्य होती, असे त्याच्या कलमांवरून दिसते. कलम 41 मधली पंधरा वर्षांची मुदत खासगी वापराच्या वाहनांसाठी होती. तीही संपली की नूतनीकरण होई. बस, ट्रक, टेम्पो यांना ती लागू नव्हती. त्यांचा निवाडा कलम 56 च्या योग्यता प्रमाणपत्रावर, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत 'पासिंग'वर. गाडी जुनी झाली की पासिंग दरवर्षी करायचे. निरीक्षकाने गाडी पाहावी, दोष सांगावा, मालकाने खर्च करावा, गाडी पुन्हा रस्त्यावर यावी. कलम 59 ने वयोमर्यादा ठरवण्याचा अधिकार केंद्राला दिला होता, पण खुद्द कायद्याने आकडा लिहिला नव्हता.

या चौकटीत महामंडळाने जे केले ते हिशेबाला धरूनच होते. अॅल्युमिनियमचा सांगाडा खिळखिळा झाला की चेसिस ठेवायची, वरचे अंग उतरवायचे आणि नवे चढवायचे. गेल्या दशकात याच कार्यशाळांनी जुन्या चेसिसवर माइल्ड स्टीलचे सांगाडे बांधले. अपघातात अॅल्युमिनियमपेक्षा पोलाद बरे टिकते, हे त्यामागचे कारण. 2020 च्या टाळेबंदीत जुन्या प्रवासी गाड्यांची आसने काढून त्या मालवाहतुकीला लावल्या गेल्या, तीही एक प्रकारची दुरुस्तीच. नव्या अंगाची गाडी फलाटावर लागली की प्रवासी तिला नवी म्हणणार. प्रमाणपत्रात मात्र चेसिस क्रमांक तोच, पाटी तीच आणि नोंदणीची तारीखही तीच.

ही तारीख महागात पडली. 16 जानेवारी 2023 च्या केंद्रीय अधिसूचनेने मोटार वाहन नियमांत 52-अ हा नियम घातला, अंमल 1 एप्रिल 2023 पासून. सरकारी वाहनांची आणि राज्य परिवहन उपक्रमांच्या बसगाड्यांची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षे भरली की संपणार. त्याआधी नूतनीकरण झाले असले तरी पंधरा वर्षे भरताच ते रद्द समजायचे. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास वाहनांना तेवढी सूट. सगळा भार 'पहिल्या' या शब्दावर आहे. बाराव्या वर्षी पोलादी सांगाडा चढवलेल्या गाडीला त्या खर्चाचा मोबदला काढायला तीनच वर्षे मिळतात. सांगाडा बांधताना हा नियम नव्हता, म्हणून त्या खर्चाला आज उधळपट्टी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

खासगी गाडीबद्दल कागद वेगळे बोलतात. 2002 च्या मोटार विमा दरपत्रकात दुरुस्तीची मर्यादा चक्क आकड्यात आहे: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या घोषित मूल्याच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी संपूर्ण नुकसानीत जमा. मूल्य 1,20,000 असेल तर 90,000 ही रेघ. सुट्या भागांची घटही ठरलेली: रबर, प्लास्टिक, बॅटरी यांना सरसकट 50 टक्के, दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांनाही 50 टक्के. म्हणजे 20,000 च्या भागातले 10,000 मालकाच्या खिशातून. गाडी पाच वर्षांची झाली की घोषित मूल्य कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. हप्ता वाचावा म्हणून मालक ते कमी लिहून घेतो आणि 75 टक्क्यांची रेघ आपल्याच हाताने खाली ओढतो. गॅरेजवाल्याशी तासभर घासाघीस करणारा माणूसही या रकान्यावर झटकन सही करून मोकळा होतो.

सरकारने खासगी मालकाला थेट मनाई केली नाही, शुल्क वाढवले. 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क 600 वरून 5,000 झाले, दुचाकीचे 300 वरून 1,000. पंधरा वर्षांवरच्या जड वाहनाच्या पासिंगला तेव्हा 12,500 ठरले. जुनी गाडी अधिकृत केंद्रात मोडीत दिली तर नव्या खासगी गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत, व्यावसायिक गाडीच्या करात 15 टक्क्यांपर्यंत सवलत. ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाला 10,000 ठरले. शुल्क जड असले तरी या नियमांत दुरुस्तीला वाव उरतो: इंजिनकाम करून, पाटे बदलून सोळा वर्षांचा खासगी मालट्रक 2022 नंतरही पासिंगला उभा राहू शकत होता. त्याच वयाची, पण चार वर्षांपूर्वीच नवे पोलादी अंग चढवलेली एसटी निरीक्षकापुढे जाऊच शकत नाही.