काळ्या काचा

नव्या गाडीला कोणती फिल्म लावू, असं पुतण्याने फोनवर विचारलं. रंग आणि भाव दुकानदार सांगेलच. मी पडलो इतिहासाचा मास्तर, आधी नियम उघडला.

१९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १००वा नियम आहे. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. पण पाळतो कोण? काळी काच म्हणजे मोठेपणाची खूण! गुन्हेगारांनाही ती सोयीची. अखेर एका जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ला निकाल दिला: हे प्रमाण मूळ काचेचं आहे, वरून कोणतीही फिल्म चिकटवायची नाही. मग चौकाचौकांत फिल्म सोलल्या गेल्या. झेड आणि झेड प्लस सुरक्षेतल्यांना मात्र सवलत राहिली.

हेतू मला पटला, सरसकटपणा नाही. नुसती उष्णता अडवणारी पारदर्शक फिल्मही त्यात गेली. नागपूरच्या मे महिन्यात गाडीत बसून बघा!

नियमात पुढे ‘सेफ्टी ग्लास’च्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हे शब्द आले, ते २०२१पासून लागू झाले. त्यांच्याच आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये ७०-५० पाळणारी प्रमाणित फिल्म चालेल असं सांगितलं. एका शब्दाने केवढा फरक!

पुतण्याला एक गणित घातलंय. मूळ काच ७० टक्के उजेड सोडत असेल आणि तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म लावली, तर आत येतो फक्त ३५ टक्के. दुकानदार फिल्मचा आकडा सांगतो, पोलिस दोन्ही मिळून मोजतो.