धनी गेल्यावर झाडे कोणाची?

शहराचा इतिहास सांगताना आपण राजे, लढाया आणि वास्तू यांचीच नावे घेतो. झाडांना त्यात सहसा जागा नसते. जपानमधील कानाझावा नगरीचा इतिहास मात्र तिथल्या चीडवृक्षांना वगळून सांगता यावयाचा नाही.

जपानी लोक या झाडाला ‘मात्सु’ म्हणतात. ते त्यांच्याच मातीतले. कानाझावा ही माएदा घराण्याची राजधानी. या घराण्यातील पाचवा अधिपती त्सुनानोरी याने १६७६ साली किल्ल्यालगत बाग मांडावयास आरंभ केला. तीच पुढे ‘केनरोकुएन’ या नावाने प्रसिद्धीस आली. तेरावा अधिपती नारियासु याने बिवा सरोवराकाठच्या कारासाकी येथून चिडाचे बी आणवून ते येथे रुजविले. पुढे सरंजामशाही संपली आणि १८७४ साली बाग सर्वांस खुली झाली. धन्याची झाडे नगराची झाली. पण मग त्यांची काळजी कोणी वाहावयाची?

कानाझावाने याचे उत्तर कामाने दिले. तिथला बर्फ ओला आणि जड. त्याच्या भाराने फांद्या मोडतात. म्हणून दरवर्षी १ नोव्हेंबरला माळी कामास लागतात. खोडाशेजारी उंच खांब उभारून त्याच्या शेंड्यापासून फांद्याफांद्यांना दोर बांधतात. कारासाकीच्या त्या एका झाडाला ५ खांब आणि सुमारे ८०० दोर लागतात. मार्चच्या मध्यापासून ते उतरवावयाचे, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बांधावयाचे!

याच बागेने दुसरा अनुभवही घेतला आहे. महायुद्धात जपानला इंधन मिळेनासे झाले. तेव्हा जून १९४५ मध्ये, विमानांच्या इंधनासाठी म्हणून, येथील चिडांच्या साली खरवडून राळ काढण्यात आली. ऑगस्टमध्ये युद्ध संपले. खोडांवरचे व्रण मात्र राहिले. शतकांची जोपासना गरजेच्या एका महिन्यापुढे किती दुबळी ठरते, हे ते व्रण सांगतात.

तिसरे संकट साऱ्या देशावर आले. चिडे एकाएकी सुकून जाण्याच्या रोगाची पहिली नोंद नागासाकीत १९०५ साली झाली. त्याचे कारण एक सूक्ष्म कृमी आहे, हे कळावयास १९७१ साल उजाडले. हा कृमी उत्तर अमेरिकेतून आलेला. भुंगेरे त्याला झाडोझाडी नेतात. तिकडच्या चिडांना त्याची सवय आहे, जपानी चिडांना नाही. खोडात औषध टोचणे आणि मेलेले झाड तत्काळ तोडून जाळणे, हेच मुख्य उपाय.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. झाड आपल्या मातीतले आहे, एवढ्याने ते शहरात आपोआप टिकत नाही. वृक्षारोपणाचा समारंभ एका सकाळचा असतो. दोर बांधणे मात्र दर वर्षाचे. आपल्या गावातील जुन्या वडा-पिंपळांसाठी असा दोर कोण बांधतो, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे.