मेडिकेड व अमेरिकेतील राज्यांचे औषधधोरण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत औषधविक्रीचे नियमन आणि निर्धन रुग्णांना औषधे पुरविण्याची शासकीय योजना हे दोन्ही विषय मुख्यत्वे घटक राज्यांच्या कारभारात मोडतात. कोणते औषध बाजारात यावे, हे संघीय अन्न व औषध प्रशासन ठरविते. परंतु ते कोणी व कोणत्या अटींवर रुग्णाच्या हाती द्यावे, हे राज्याचा औषधव्यवसायविषयक कायदा ठरवितो. रुग्ण निर्धन असल्यास त्या औषधाचे पैसे किती व केव्हा द्यावयाचे, हे राज्याची मेडिकेड योजना ठरविते. या दोन अधिकारांचा विकास प्रारंभी स्वतंत्रपणे झाला. १९७० नंतर ते परस्परांत गुंतत गेले. औषधावरील खर्च आवरण्यासाठी राज्यांनी दोन प्रकारचे उपाय योजिले : एक, औषधाची किंमत उतरविण्याचे व दुसरे, रुग्णाला मिळणाऱ्या औषधाचे प्रमाणच तोडण्याचे. पहिल्या प्रकारचे उपाय बहुतांशी टिकले. दुसऱ्या प्रकारच्या उपायांनी वाचविलेला पैसा अन्य उपचारांच्या रूपाने राज्याला पुन्हा मोजावा लागल्याचे आढळले.

औषधव्यवसायाचे कायदे : एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात अमेरिकेत औषधाचे दुकान कोणालाही काढता येत असे. ऱ्होड आयलंड राज्याने १८७० मध्ये फार्मासिस्टची परीक्षा व नोंदणी यांसाठी मंडळ स्थापन करणारा कायदा केला. त्यानंतर इतर राज्यांनी तसे कायदे केले आणि १९०४ मध्ये या राज्य मंडळांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता न येणाऱ्या औषधांचा निराळा वर्ग संघीय कायद्याने स्पष्टपणे पाडला, तो १९५१ मध्ये. हा कायदा मांडणारे कार्ल डरम व ह्यूबर्ट हंफ्री हे दोघेही मूळचे फार्मासिस्ट होते.

राज्यांच्या कायद्यांनी धंद्याच्या आर्थिक बाजूवरही बंधने घातली. औषधाच्या दुकानाची बहुतांश मालकी फार्मासिस्टकडेच असावी, असा नॉर्थ डकोटाचा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने तो १९७३ मध्ये वैध ठरविला व तो बदलण्याचा प्रस्ताव मतदारांनी २०१४ मध्ये फेटाळला. याउलट, औषधांच्या किंमतींची जाहिरात करण्यास फार्मासिस्टना मनाई करणारा व्हर्जिनियाचा कायदा त्याच न्यायालयाने १९७६ मध्ये रद्द केला. किंमत समजण्याची सर्वाधिक गरज निर्धन, आजारी व वृद्ध ग्राहकांना असते, हा त्या निकालातील एक महत्त्वाचा विचार होता.

व्यापारी नाव व जेनेरिक औषध : १९५० नंतरच्या दशकात बहुतेक राज्यांनी औषध बदलून देण्यास बंदी करणारे नियम केले. डॉक्टरांनी चिठ्ठीत व्यापारी नाव लिहिले असल्यास फार्मासिस्टने तेच औषध देणे बंधनकारक झाले. बनावट माल रोखणे हा त्यामागील सांगितला जाणारा हेतू होता. प्रत्यक्षात स्वस्त पर्याय उपलब्ध असूनही तो रुग्णापर्यंत पोहोचेनासा झाला. १९७० नंतर राज्यांनी एकामागून एक हे नियम मागे घेतले आणि १९८४ पर्यंत ते सर्वत्र नाहीसे झाले. परस्परांऐवजी देता येतील अशा औषधांची सूची न्यूयॉर्क राज्यासाठी १९७८ मध्ये तयार झाली. त्याच अनुभवावरून अन्न व औषध प्रशासनाने १९८० मध्ये सर्व देशासाठी अशी सूची प्रसिद्ध केली. १९८४ च्या हॅच-वॅक्समन कायद्याने जेनेरिक औषधांना मान्यता मिळविणे सुलभ केले. त्या वर्षी एकूण औषधचिठ्ठ्यांत जेनेरिक औषधांचे प्रमाण सु. १९ टक्के होते. पुढे ते ९० टक्क्यांवर गेले. या विस्तारलेल्या बाजारपेठेत भारतीय कंपन्यांनी मोठा वाटा मिळविला असून त्यांपैकी सिप्ला, ल्यूपिन व सन फार्मा यांची मुख्य कार्यालये मुंबईत आहेत.

राज्याराज्यांच्या नियमांतील लहान फरकांचाही खर्चावर परिणाम होतो. काही राज्यांत जेनेरिक औषध देण्यापूर्वी रुग्णाची संमती घ्यावी लागे, तर काहींत लागत नसे. सिंव्हास्टॅटीन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाचे एकस्व २००६ मध्ये संपले. त्यानंतरच्या मेडिकेडच्या व्यवहारांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत संमती आवश्यक असलेल्या राज्यांत जेनेरिक औषधाचा स्वीकार सु. २५ टक्क्यांनी कमी आढळला. औषधव्यवसायाच्या नियमातील एका अटीचा भार अशा रीतीने निर्धनांसाठी असलेल्या निधीवर पडत होता.

मेडिकेडची रचना : अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकीर्दीत ३० जुलै १९६५ रोजी मेडिकेअर व मेडिकेड या दोन योजनांचा कायदा झाला. मेडिकेअर ही मुख्यतः वृद्धांसाठी असलेली संघीय योजना होय. मेडिकेड निर्धनांसाठी असून ती राज्ये चालवितात. मेडिकेडच्या उपचारखर्चाचा किमान निम्मा वाटा संघीय शासन देते व गरीब राज्यांना अधिक देते. ॲरिझोना हे राज्य सर्वांत शेवटी, १९८२ मध्ये, योजनेत आले. औषधे पुरविणे कायद्याने ऐच्छिक ठेवलेले आहे; तरीही सर्व राज्यांनी ते स्वीकारले. ऐच्छिक असल्यामुळेच अंदाजपत्रकात तूट आली की, राज्यांची दृष्टी प्रथम औषधांवर जाई.

न्यू हँपशरचा अनुभव : १९८१ मध्ये संघीय अनुदानात कपात झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यू हँपशर राज्याने मेडिकेडच्या रुग्णाला महिन्याला तीनच औषधचिठ्ठ्यांचे पैसे देण्याचा नियम केला. मधुमेह, हृदयविकार व दमा एकाच वेळी असलेल्या वृद्धाला चौथे औषध स्वतःच्या पैशाने घेणे किंवा सोडून देणे, एवढाच मार्ग उरला. अकरा महिन्यांनंतर हा नियम मागे घेऊन त्याऐवजी प्रत्येक चिठ्ठीमागे १ डॉलर आकारण्यात येऊ लागला.

हार्व्हर्ड विद्यापीठातील स्टीव्हन सूमराई व त्यांचे सहकारी यांनी या काळातील नोंदींचा अभ्यास केला. तुलनेसाठी असा नियम नसलेले न्यू जर्सी राज्य घेतले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अनेक औषधे नियमित घेणाऱ्या वृद्धांत आवश्यक औषधांचा वापर ३५ टक्क्यांनी घटला आणि त्यांना शुश्रूषागृहात दाखल व्हावे लागण्याची शक्यता १.८ पट झाली. अभ्यासातील तीन किंवा अधिक औषधे घेणाऱ्यांच्या बाबतीत ती २.२ पट होती. नियम उठताच औषधांचा वापर जवळजवळ पूर्ववत झाला व वाढलेला धोकाही संपला. परंतु जे वृद्ध शुश्रूषागृहात गेले होते, ते सामान्यतः घरी परतले नाहीत.

१९९४ मधील अहवाल छिन्नमनस्कतेच्या रुग्णांविषयी होता. मर्यादेच्या काळात त्यांच्या मानसोपचार केंद्रांतील भेटी व तातडीच्या उपचारांची संख्या वाढली. प्रत्येक रुग्णामागे या उपचारांचा सरासरी वाढीव खर्च १,५३० डॉलर झाला. औषधांवर झालेल्या बचतीच्या तो १७ पट होता. हे निष्कर्ष जगभरच्या आरोग्य-अर्थशास्त्रात वारंवार उद्धृत झाले. तरीही टेक्सससारख्या काही राज्यांत मासिक मर्यादा पुढे अनेक वर्षे चालू राहिल्या. कारण औषधांची बचत चालू वर्षाच्या हिशेबात लगेच दिसते, तर शुश्रूषागृहाचा खर्च दुसऱ्या खात्यावर व बहुधा उशिरा पडतो.

१९९० चा कायदा : काँग्रेसने १९९० मध्ये किंमतीच्या बाजूने उपाय केला. १ जानेवारी १९९१ पासून आपली औषधे मेडिकेडमध्ये विकू इच्छिणाऱ्या कंपनीने विक्रीवर ठराविक परतावा देण्याचा करार करणे आवश्यक झाले. त्याच्या मोबदल्यात तिची जवळजवळ सर्व औषधे योजनेत घेण्याचे बंधन राज्यांवर आले. एकस्व असलेल्या बहुतेक औषधांवरील किमान परतावा २०१० च्या कायद्याने सरासरी उत्पादक-किंमतीच्या २३.१ टक्के करण्यात आला. राज्यांना विशिष्ट औषधासाठी पूर्वमंजुरीची अट घालता येते. मात्र विनंतीला २४ तासांत उत्तर देणे व तातडीच्या प्रसंगी ७२ तासांचे औषध देणे त्यांना बंधनकारक आहे. याच कायद्याने औषधयोजनेची तपासणी व १९९३ पासून फार्मासिस्टने रुग्णाला सल्ला देऊ करणे आवश्यक केले. अट मेडिकेडपुरती होती. परंतु बहुतेक राज्यांनी ती आपल्या नियमांत घेऊन सर्व ग्राहकांना लागू केली.

पसंतीच्या औषधसूची : परताव्यापलीकडे अधिक सूट मिळविण्यासाठी फ्लॉरिडाने २००१ मध्ये व मिशिगनने २००२ मध्ये पसंतीच्या औषधसूची केल्या; सूचीबाहेरील औषधास पूर्वमंजुरी लागे. विमा नसलेल्या नागरिकांना सूट न देणाऱ्या कंपन्यांच्या औषधांना मेडिकेडमध्ये अशीच अट लावण्याचा कायदा मेन राज्याने २००० मध्ये केला होता. औषध कंपन्यांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले. परंतु तो रोखून धरणारा मनाईहुकूम सर्वोच्च न्यायालयाने मे २००३ मध्ये नाकारला. या साधनालाही मर्यादा होत्या. मेन राज्याने २००३ मध्ये काही मनोविकारविरोधी औषधांना पूर्वमंजुरी आवश्यक केली, तेव्हा नव्याने उपचार सुरू करणाऱ्यांत ते खंडित होण्याचा धोका २९ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. लुइझिॲना राज्याने २०१९ मध्ये वेगळा मार्ग स्वीकारला : यकृतशोथ ‘सी’ वरील औषधासाठी खर्चाची वार्षिक कमाल मर्यादा ठरवून मेडिकेडचे रुग्ण व कैदी यांना हवे तितके औषध मिळविण्याचा करार केला.

मध्यस्थ कंपन्या : मेडिकेडचा कारभार खाजगी विमासंस्थांकडे गेल्यानंतर औषधांचे दर व देयके ठरविणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांचे वर्चस्व वाढले. ओहायओच्या लेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये दाखविले की, योजनेकडून घेतलेली व दुकानदारांना दिलेली रक्कम यांत एका वर्षात २२.४८ कोटी डॉलरचे अंतर होते. वेस्ट व्हर्जिनियाने २०१७ मध्ये, कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये व न्यूयॉर्कने २०२३ मध्ये औषधांचा व्यवहार विमासंस्थांकडून काढून पुन्हा राज्याकडे घेतला. दुकानदारांना खरेदीच्या किंमतीपेक्षा कमी पैसे देण्यास प्रतिबंध करणारा आर्कन्सॉचा २०१५ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये एकमताने उचलून धरला. त्यामुळे अशा कंपन्यांचे नियमन करण्याचा राज्यांचा अधिकार दृढ झाला.

फार्मासिस्टच्या कार्यक्षेत्राचीही वाढ झाली. २००९ पर्यंत सर्व राज्यांनी फार्मासिस्टना लस टोचण्याची परवानगी दिली व २०१६ पासून ऑरेगन आणि कॅलिफोर्निया येथे त्यांना गर्भनिरोधक गोळ्या स्वतः देता येऊ लागल्या. अशा सेवेचा मोबदला मेडिकेड देते किंवा नाही, यावर निर्धन रुग्णाला तिचा लाभ मिळणे बव्हंशी अवलंबून असते. औषध देण्याचा अधिकार व त्याचे पैसे देण्याची तरतूद ही दोन्ही राज्याने एकत्र विचारात घेतली, तरच औषध रुग्णापर्यंत पोहोचते. न्यू हँपशरमधील वृद्धांच्या अनुभवावरून हे प्रकर्षाने दिसून येते.