कॉर्डलेस दूरध्वनी
कॉर्डलेस दूरध्वनी : बेसशी तारेऐवजी रेडिओ लहरींनी जोडलेला, घरभर हिंडवता येणारा लँडलाइन फोन. १९९२ च्या ‘डेक्ट’ या यूरोपीय मानकाचे संच तेथे १८८०–१९०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यात चालतात; पल्ला मोकळ्यावर सुमारे ३०० मी., घरात जेमतेम ५० मी. बेसला फोनची तार व विजेचा अडॅप्टर लावतात. हँडसेटची बॅटरी प्रथम पूर्ण चार्ज करावी. जादा हँडसेट नोंदवताना बेसवरील बटण काही सेकंद दाबून धरायचे, मग पिन टाकायचा; तो बहुधा ०००० असतो. वीज गेली की बेस मुका होतो. तांब्याच्या तारेवरचा साधा फोन मात्र एक्स्चेंजच्या विजेवर चालत राहतो. म्हणून, विशेषतः एकट्या वृद्धांच्या घरी, तो जोडीला असायलाच हवा.