खाडीकाठची झाडं आणि हळदीकुंकू बदकं

मी राहतो त्या पर्वत पाटियाजवळून मिठी खाडी वाहते. कोकणात खाडी म्हणजे आत शिरलेला समुद्र. सुरतेत मात्र शहरातल्या ओढ्यालाही खाडीच म्हणतात. त्यामुळे इथे पुराचे दोन इतिहास आहेत. एक तापीचा: ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं बहुतेक शहर बुडालं. दुसरा खाडीपुराचा: जोराच्या पावसात लिंबायत-पर्वतच्या गल्ल्यांत शिरणारा, पण कागदावर फारसा न उतरणारा. खाडीची पसरायची जागाच आपण बांधून काढली, त्याला ती तरी काय करणार?

म्हणून महापालिकेनं कांकरा खाडीकाठी ८७ हेक्टरांवर जैवविविधता उद्यान हाती घेतलं, ही नोंद मला मोलाची वाटते. करंज, जांभूळ, अर्जुन ही पुराच्या पाण्यात पाय रोवून उभी राहणारी झाडं. त्यांची मुळं काठ धरून ठेवतात.

पण रोपं मोजली की काम संपलं, असं नाही. हळदीकुंकू बदक काठच्या गवतात घरटं करतं, थापट्या उथळ पाणी गाळून खातो. सगळीकडे नुसती झाडंच लावली, तर या दोघांनी जायचं कुठे?

वर खानदेशात, याच तापीवरच्या हतनूर जलाशयात पक्षीमित्र पाणपक्षी मोजतात. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ मध्ये सुरू झाली. ती जानेवारीत होते. आपण सुरतकर मराठी मंडळींनीही खाडीकाठी अशी वही घालावी. दहा वर्षांच्या नोंदी जमल्या, की खाडी सुधारली की नुसती सजली, ते कळेल.