लंगोट, फेटा आणि मावाशी

कुस्तीचा इतिहास आपण पैलवानांच्या नावांनी आणि डावपेचांनी लिहीत आलो. त्यांच्या अंगावरच्या कापडाकडे मात्र फारसं कोणी पाहिलं नाही. कापडावर जगलेल्या सोलापुरात राहून मला ते पाहावंसं वाटलं. त्यासाठी जपानची सुमो कुस्ती शेजारी ठेवली, तेव्हा आपल्या लंगोटाचा अर्थ अधिक उलगडला.

सुमोचा मल्ल कमरेभोवती गुंडाळतो ती मावाशी. हा साधारण ९ मीटर लांबीचा पट्टा असतो. वरच्या दोन श्रेणींतले मल्ल स्पर्धेत रंगीत रेशमी मावाशी लावतात, खालच्यांना काळ्या सुती कापडावरच भागवावं लागतं. सर्वोच्च ‘योकोझुना’ आखाडाप्रवेशाच्या विधीत कमरेला जाड पांढरा दोर बांधतो. त्याला लोंबणाऱ्या नागमोडी कागदी पट्ट्या शिंतो देवळांतही दिसतात. म्हणजे हात लागण्याआधीच मल्लाचा दर्जा प्रेक्षकाला कळलेला असतो.

आपल्या तालमीत नेमकं उलट. हौद्यात उतरताना टोपी, पटका, सदरा सगळं खुंटीवर जातं. नवशिका आणि नामांकित मल्ल दोघंही लंगोटावरच येतात. बाहेर जात होती, गरिबी-श्रीमंती होती. पण लंगोटावरून ती ओळखता येत नसे. मान मिळे तो कुस्ती मारल्यावर, आणि तोही दुसऱ्याच्या हातून. फेटा बांधला जाई, पुढे चांदीची गदा खांद्यावर येई. हा मान देणारा हात बहुधा आश्रयदात्याचा. सोलापूरच्या शेजारच्या कल्याणीत, बाराव्या शतकात, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लविनोदाचं स्वतंत्र प्रकरण आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारलं, ते १९१२ मध्ये पुरं झालं. १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ सुरू झाली. राजे गेले, फेटा राहिला.

पण लंगोट म्हणजे फक्त समानता नव्हे, तो एक नेमही आहे. ‘लंगोट कसणे’ म्हणजे तयारीला लागणं आणि ‘लंगोटाचा पक्का’ म्हणजे ब्रह्मचर्य पाळणारा, हे भाषेनंच नोंदवून ठेवलं आहे. मारुतीला नमस्कार करून वस्तादाच्या हाताखाली लावलेला लंगोट ही एका अर्थी दीक्षाच. या नेमानं पोरं वळणावर राहिली, हे खरं. त्याच नेमानं तालमीचं दार बायकांना बंद केलं, हेही तितकंच खरं. सुमोतही हेच. एप्रिल २०१८ मध्ये मायझुरू इथं आखाड्यात भाषण करताना महापौर कोसळले. मदतीला धावलेल्या स्त्रियांना ध्वनिक्षेपकावरून रिंगणाबाहेर जायला सांगण्यात आलं. त्यावर जपानभर टीका झाली.

आपल्याकडचं दार किलकिलं झालं ते गादीच्या कुस्तीमुळं. गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडलेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. त्या गटाचं सुवर्ण जपानच्या शोहाची इशीनं जिंकलं, आणि इशीपुढं खाशाबांना हार पत्करावी लागली. एक तालमीतून आलेला, दुसरा मूळचा ज्युदोचा. पण नियम गादीचे, पोशाखही गादीचा. कापड बदललं की पकडही बदलते. मावाशी घट्ट धरणं हा सुमोचा गाभा, मातीतही लंगोटाला हात घालता येतो. गादीवर मात्र प्रतिस्पर्ध्याचा पोशाख धरायला बंदी आहे. जुन्या वस्तादांना तो पोशाख परका वाटला, त्यात नवल नाही.

पण त्या कापडाला ब्रह्मचर्याचा नेम जोडलेला नव्हता. म्हणूनच तो मुलीही घालू शकल्या. २००४ मध्ये स्त्रियांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी विजेती ठरली.

लंगोट मोडीत काढावा असं माझं म्हणणं नाही. मातीत तो शोभतोच. पण परंपरा जपायची म्हणताना तिच्यातलं काय जपायचं, हे ठरवावं लागेल. हौद्यात कुणाची पत चालत नाही, घामच चालतो, हा लंगोटाचा खरा वारसा. आज गादीवर उतरणाऱ्या मुलींनी तो लंगोटाशिवाय पुढं नेला आहे.