सात-वीसची वायर

हुमनाबादेत मी वायरमनकी शिकलो तेव्हा चौरस मिलिमीटरची भाषा कुणी बोलत नसे. उस्ताद म्हणायचे, ‘सात-वीस आण रे.’ वीस गेजच्या सात तारा. आजच्या हिशेबात साडेचार चौरस मिलिमीटरच्या आसपास.

वर चिनीमातीचे किटकॅट फ्यूज. उडाला की हाताला लागेल ती तार पिळायची. एका डाळमिलीत तीन फ्यूजांतला एकच उडाला. दहा एचपीची मोटर दोन फेजवर घुमत राहिली. वार्निशचा करपट वास आला तोवर वाइंडिंग काळं पडलं होतं.

जर्मनीत ह्यूगो श्टोट्झनं फ्यूजच्या जागी येणाऱ्या छोट्या ब्रेकरचं पेटंट 1924 सालीच घेतलं होतं. आमच्याकडं तो पोचेतो माझी मिशी पिकायला लागली. एक फेज बिघडला तरी तिन्ही एकदम तोडणारा! (वरून लाइनीचाच फेज गेला तर मात्र तो गप्प.)

मग नवी खोड लागली. दहा एचपीची मोटर चालताना चौदा-पंधरा अँपिअर घेते, थेट सुरू करताना सहापट. ब्रेकर पडतो म्हणून मालक वीसच्या जागी चाळीसचा बसवायला सांगायचे. वायर आधीचीच, अडीच चौरस मिलिमीटरची. अरे, ब्रेकर आधी वायरीसाठी असतो! अशा बोर्डातून काढलेला, बिस्किटासारखा मोडणारा पीव्हीसीचा तुकडा अजून माझ्या पिशवीत आहे. पोरांना तोच दाखवतो.